पिशवी गेली, मी राहिले

सकाळपासून फोनवर ग्रहांचा नुसता बाजार भरला आहे. कुणी कळवतंय की आकाशात म्हणे सहा ग्रह एका रांगेत येणार. कुणी त्या रांगेचं माझ्या राशीला काय फळ मिळणार तेही कळवतंय. भाचीने तर एका गोड आवाजाच्या बाईचा व्हिडिओ पाठवला. या काळात कलावंतांनी स्फूर्ती आणि शिस्त यांचा तोल सांभाळावा, पहाटे उठावं आणि निळा रंग जास्तीत जास्त वापरावा, असं ती बाई सांगत होती. मी फोन पालथा घातला. इथे नागपुरात आभाळाचाच निळा रंग उडून गेलाय आणि पहाटेसुद्धा नळाला कोमट पाणी येतंय. हिला निळा कुठून आणून देऊ?

नवतपा लागलाय. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पहिले नऊ दिवस तो सगळा राग काढून घेतो, असं आमच्याकडे मानतात. हे नऊ दिवस एकदा नागपुरात काढलेला माणूस त्यावर वाद घालत बसत नाही. भाजी, दूध, बँक, कुणाच्या मयतीला जाणं, सगळं सकाळी सकाळी उरकायचं. मग दारं लावायची, पडदे ओढायचे, कूलरच्या टाकीत पाणी भरायचं आणि ऊन उतरेपर्यंत आत पडून राहायचं. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत दुपारी कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसतात. लाईन गेली की कूलर थांबतो आणि घरभर ओल्या वाळ्याचा वास तेवढा उरतो. त्या वासाने गार वाटतं असं म्हणणाऱ्यांना मी या दिवसांत आमच्याकडे बोलवायला तयार आहे.

या कोंडून राहण्याची सवय आम्हाला लहानपणापासून असते, त्याचं काही वाटत नाही. पण एका वर्षीचा नवतपा माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वर्षी मला एकट्या सूर्याने कोंडलं नव्हतं, त्याला आणखी दोन ग्रह सामील होते. आणि माझे बाबा.

मी तेव्हा पंचविशीची होते. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, त्यावर रोलरने शाई फिरवायची आणि कागदावर छापा उमटवायचा, हे माझं वेड. शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं, पुस्तकं पाहून आणि बोटं कापून घेऊन जे आलं ते आलं. एकदा धीर करून मी बडोद्याच्या एका कार्यशाळेला माझे काही छापे पाठवले आणि तिथून बोलावणं आलं. वर्षभर राहायचं, शिकायचं, काम करायचं. मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि उठून पंचांग घेऊन बसले. मी पत्राची घडी घातली.

बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सगळ्या ले-आऊटचे, म्हणजे आमच्या अख्ख्या वसाहतीचे, मुहूर्त तेच काढून द्यायचे, तेही फुकट. पण ते मुळातले ज्योतिषी नव्हेत. मी शाळेत असताना आमच्या घरात पंचांगच नव्हतं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर भागायचं. मी दहावीला असताना आई ओळखीच्या बायकांबरोबर जीप करून रामटेकला रामाच्या दर्शनाला निघाली आणि वाटेत ट्रकने जीपला धडक दिली, त्यात गेली. सकाळी हसत, वेणीत फूल खोचून गेलेली बाई. बाबा दिवसभर फाटकाशी उभे होते, आधी ती उशीर करतेय म्हणून चिडून, मग नुसतेच. तेरावं झाल्यावर त्यांनी पंचांग आणलं आणि तो दिवस काढून पाहिला. त्या दिवशी निघायला नको होतं असं काहीतरी त्यांना त्यात सापडलं. काय ते मला कळलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. त्यानंतर आमच्या घरातून कुणीही, कुठेही, त्यांना विचारल्याशिवाय गेलं नाही.

मी त्यांच्यावर कितीदा चिडले असेन. पण त्यांना हसणं मला कधी जमलं नाही. आई गेलेल्या घरात बापाच्या भीतीला हसणार कोण?

माझी पत्रिका त्यांना तोंडपाठ होती. "तुझ्या पत्रिकेत शुक्र अन् शनी एकाच घरात बसून राहिले," ते जेवताना सांगायचे. "शुक्र म्हणते, उठ, चाल, काही तरी करू. शनी म्हणते, बस खाली. दोघांचं जमलं तर तू कामाची. नाही जमलं तर नुसती चिडचिड."

"मग सध्या काय आहे?"

"सध्या चिडचिड," बाबा वरण वाढून घेत म्हणायचे.

ते काही खोटं नव्हतं. मी पुरती शुक्राची होते. मनात ऊर्मी आली की तहान-भूक विसरून कोरत बसायची, आणि ती ओसरली की महिनाभर फळीला हात लावायची नाही. त्या महिन्यांत मी फार उदास हिंडायची आणि त्याला कलावंताचं दुःख वगैरे म्हणायची. आता तसं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

त्या वर्षी वैशाखात गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होणार होता. ज्यांच्या घरी लग्नाची मुलं आहेत त्यांना हे सांगायला नको. अस्तात लग्न नाही, वास्तुशांत नाही, मोठा प्रवास नाही, नवी विद्या सुरू करणं नाही. विद्या देणारा गुरू आणि कला देणारा शुक्र, दोघंही एकदम रजेवर. मी बाबांना विचारलं, हे ग्रह जातात तरी कुठे? ते म्हणाले, "जात नाही कुठंच. सूर्याच्या फार जवळ आले की त्याच्या उजेडात दिसत नाही. त्यालेच अस्त म्हणते." मला ते ऐकून त्या ग्रहांची जरा दया आली.

कार्यशाळा सुरू होणार होती जूनच्या तोंडावर, म्हणजे ऐन अस्तात. बाबांनी तीन दिवस पंचांग चाळलं आणि अस्ताच्या अगोदरची एक सकाळ काढली. पण तेव्हा जाऊन मी बडोद्यात करणार काय, तिथे दारंच उघडलेली नव्हती. मग त्यांनी जुना उपाय काढला. आपण प्रस्थान ठेवू, म्हणाले.

प्रस्थान ठेवणं म्हणजे असं. मुहूर्त आज आहे आणि माणसाला आज निघता येत नाही, तर त्याने आपली एक वस्तू मुहूर्तावर घराबाहेर काढायची आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. पुढे थोड्या दिवसांत तो सवडीने जातो आणि मुहूर्त मोडत नाही. सोय चांगली आहे, पूर्वीच्या लोकांनी माणसाची अडचण ओळखून काढलेली. फक्त त्या वस्तूने परत घरात यायचं नाही. ती आली तर प्रवास रद्द.

"कोणती वस्तू ठेवू?" मी विचारलं.

"जिच्याशिवाय तुझं चालत नाही ती."

इथे माझं चुकलं म्हणा किंवा हौस नडली म्हणा. एक कोरणी ठेवली असती तरी भागलं असतं. पण निघायच्या आनंदात मी सगळ्याच कोरण्या, रोलर, शाईच्या नळ्या, कागद, छोट्या फळ्या, सगळा संसार एका पिशवीत भरला. गल्लीच्या पश्चिमेच्या टोकाला ढोबळे काकूंचं घर. बाबा डोक्यावर टोपी घालून नारळ हातात घेऊन पुढे, मी पिशवी घेऊन मागे. काकूंनी पिशवीला हळदकुंकू लावलं आणि ती आतल्या खोलीत गव्हाच्या कोठीवर ठेवली. "चाल, निघाली तू," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मग निघालेली मी घरी आले आणि कुकर लावला.

चार दिवसांनी बडोद्याहून फोन आला. तिथेही उन्हाचा कहर होता, कार्यशाळा पुढे ढकलली होती. तिथले सर म्हणाले, थांबा, मी सांगेन तेव्हा या. मग अस्त सुरू झाला. मग नवतपा लागला. प्रस्थानालाही मुदत असते, फार दिवस निघालं नाही तर ते शिळं होतं. नवीन ठेवायचं तर पिशवी घरी आणून पुन्हा मुहूर्तावर न्यावी लागणार, आणि अस्तात मुहूर्त कुठला? पिशवी घरी आणायची नाही, मी घराबाहेर जायचं नाही. बाबांनी मला हे सगळं एकेक बोट मोडत समजावून सांगितलं. अस्त संपला की आषाढात नवीन प्रस्थान ठेवू, तोवर शांत राहा.

"आणि त्यांनी आधीच बोलावलं तर?"

"मग पाहू," बाबा म्हणाले. मग पाहू म्हणजे काय ते मला समजत होतं.

त्या दिवसांसारखे कोंडलेले दिवस मी पुन्हा काढलेले नाहीत. बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, आणि घरात करायला हातात काही नाही, कारण माझे हातच जणू गव्हाच्या कोठीवर जाऊन बसले होते. पडदा जरा सरकवला तर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यांच्यावर पांढरं, आंधळं ऊन. मी पलंगावर पडून छताकडे पाहायची. आणि गंमत अशी की महिनोन्महिने न येणारी ऊर्मी त्याच दिवसांत रोज येऊ लागली. काय काय सुचायचं मला. मी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन बटाट्यावर कोरायला बसले. बाबांनी रात्री भाजीत अर्धवट कोरलेलं पाखरू पाहिलं, उलटंपालटं केलं आणि खाऊन टाकलं.

शेवटी मला ढोबळे काकूंनीच सोडवलं. त्या संध्याकाळी दही मागायला आल्या होत्या आणि माझा अवतार पाहून दारातच थांबल्या.

"काय वं, बीमार आहे का तू?"

"नाही काकू. पिशवी तुमच्याकडे आहे ना, काही करता येऊन नाही राहिलं."

"मग माझ्या घरी येऊन कर ना. पिशवी तुझ्या घरी नाही आली म्हणजे झालं. काहून भाऊ, चालते का नाही असं?"

बाबा विचारात पडले. पंचांगात यावर काही नसावं. "प्रस्थानाच्या घरातून बाहेर नाही निघाली, तर दोष नाही," ते हळूच म्हणाले.

"पण एक सांगतो तुले," काकू म्हणाल्या. त्या सगळ्यांशी अशा पुरुषासारख्या बोलायच्या. "दोन ते चार. आमचे ते गेलेले असते बुटीबोरीच्या कंपनीत, अन् मी झोपतो. चार वाजले की मी उठतो, चहा ठेवतो, मग मले घरात पसारा नाही पाहिजे."

मला तेव्हा ती अट फार अपमानाची वाटली होती. कला काय घड्याळ लावून होते? पण दुसरा रस्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तोंडाला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून बाबांनी खिशात कोंबलेला कांदा घेऊन, मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. एवढ्याशा वाटेत चपलेतूनही तळवे भाजत होते.

काकूंच्या आतल्या खोलीत गव्हाची कोठी, लोणच्याच्या बरण्या, एक लोखंडी पलंग आणि एक खिडकी. खिडकीला गोणपाट लावलेलं. त्याच्या एका भोकातून उन्हाची एक तिरीप आत यायची आणि जमिनीवरून हळूहळू सरकायची. बाहेरच्या खोलीत, मला उघड्या दारातून दिसेल अशा पलंगावर, काकू कूलरपुढे आडव्या व्हायच्या आणि दोनच मिनिटांत घोरायला लागायच्या. कूलरचं वारं माझ्यापर्यंत यायचं नाही, आवाज तेवढा यायचा. घामाचे थेंब फळीवर पडायचे म्हणून मी कपाळाला नॅपकिन बांधायची.

पहिल्या दिवशी मी काहीच केलं नाही. बसले. घरी पडल्या पडल्या सुचलेलं सगळं इथे फळीपुढे आल्यावर कुठे गेलं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिसऱ्या दिवशी लाज वाटून, हात रिकामा राहू नये म्हणून, चित्राच्या पार्श्वभूमीच्या आडव्या रेघा कोरायला घेतल्या. एकीखाली एक, एकीखाली एक. अगदी मठ्ठ काम. त्यात कसली आलीय स्फूर्ती. आणि चारला पाच-दहा मिनिटं उरली असताना अचानक हात चालायला लागला. काकूंचा पलंग, त्यांचा खाली लोंबणारा हात, गोणपाटातली तिरीप, सगळं मला एकदम त्या फळीत दिसलं. मी भराभरा कोरू लागले, आणि काकू उठल्या.

"चाल, चहा घे."

"काकू, थोडंसंच राहिलं आहे."

"उद्याले थोडंसंच राहू दे," काकू म्हणाल्या आणि पिशवी उचलून कोठीवर ठेवली.

मी चडफडत घरी आले. मनात म्हटलं, गेलं, आता हे उद्या हाती लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी दोन वाजता फळीपुढे बसले तर ते तिथेच होतं. जिथे सोडलं तिथेच, माझी वाट पाहत. मला याचं इतकं नवल वाटलं की क्षणभर मी कोरणी हातात घेऊन नुसती बसून राहिले. मी आजवर समजत होते की ऊर्मी म्हणजे लाईनसारखी, कधी येईल आणि कधी जाईल सांगता येत नाही, आली की घाईघाईने सगळं उरकून घ्यायचं. ती रोजच्या जागी, रोजच्या वेळी येऊन बसायला शिकते, हे मला त्या कोंदट खोलीत कळलं. अर्थात ती रोज येत नसे. ज्या दिवशी यायची नाही त्या दिवशी मी आडव्या रेघा कोरायची. रेघाही लागतातच चित्राला.

आता हे लिहिताना मला त्या व्हिडिओतल्या बाईचं बोलणं आठवतंय. तोल सांभाळावा म्हणे. तोल बिल काही नसतो. चार दिवस मठ्ठपणाचे असतात, एक दिवस बरा जातो, आणि त्या एका दिवशीही कुणीतरी चहा घेऊन उभं असतं. मी आजही दुपारी दोनला बसते आणि चारला उठते. मधल्या वेळात फोन उचलत नाही, म्हणून लोकांना मी शिष्ट वाटते. वाटू दे.

एक दिवस संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज मी आलो होतो तिकडे."

"कुठे?"

"ढोबळेंकडे. छत्री घेऊन गेलो, म्हटलं पोरगी उन्हात परत येईल. दारातून पाहिलं. बराच वेळ उभा होतो, तू मान वर नाही केली."

"मग बोलले काहून नाही?"

"शनी बसला होता ना," बाबा म्हणाले. "कसा तरी बसला एकदाचा. त्याले कशाले उठवू?" आणि त्यांनी जाऊन कूलरमध्ये पाणी भरायला घेतलं. ते पाठमोरे होते, पण त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि मला ते बरोबर ऐकू आलं. त्या दिवशी मला वाटलं, आता हे मला अडवणार नाहीत.

त्याच आठवड्यात बडोद्याहून फोन आला. कार्यशाळा सोमवारी सुरू होते आहे. सोमवारी पोचा. जागा थोड्या आहेत, नाही आलात तर मागच्या मुलाला देऊ. सर सभ्यपणे बोलले, पण त्यात मागेपुढे काही नव्हतं. मी लगेच तिकिटाला धावले. एकाच गाडीत जागा मिळाली, रविवारी संध्याकाळची, थेट नाही तरी सोमवारी सकाळी वेळेत पोचवणारी.

दुपारी जेवायला आमरस होता. मी बाबांना सांगितलं, रविवारी जातेय.

बाबा वाटी हातात धरून थांबले. मग सुरू झाले, अगदी शांतपणे. रविवारी पश्चिमेला दिशाशूल, म्हणजे त्या दिवशी त्या दिशेला जायचं नाही. दोन्ही ग्रह अस्तात. प्रस्थान शिळं झालेलं. एक असतं तर उपाय काढला असता. तीन तीन गोष्टी आहेत बेटा, ते म्हणाले, अशा दिवशी मी शत्रूलेही नाही पाठवणार.

"जागा जाईल बाबा."

"पुढच्या वर्षी मिळेल."

"नाही मिळणार. आणि पुढच्या वर्षी काही नसेल का त्या पंचांगात? काही ना काही असतेच."

"मंजू, तुले समजून नाही राहिलं."

"मला समजतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "आईच्या वेळी पंचांग पाहिलं असतं तर तो ट्रक आला नसता असं वाटतं तुम्हाला. पण बाबा, तुम्ही सांगितलं होतं ना, ग्रह सूर्याच्या फार जवळ आला की दिसत नाही. मी पण तशीच झाली. तुमच्या इतकी जवळ आहे की मी कुणालेच दिसत नाही. मलेही दिसत नाही."

आईचं नाव आमच्या घरात असं सरळ घेतलं जात नसे. बाबांनी वाटी खाली ठेवली. मग उठले, हात धुतले आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटलं. रस तसाच राहिला आणि काळा पडला.

पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो ते फक्त पाणी, चहा आणि लाईन गेली का, एवढंच. मला वाटायचं त्यांनी एकदा ओरडावं. ओरडले असते तर मी भांडून निघाले असते. पण ते नुसते खुर्चीत बसून राहायचे, आणि मी कपडे भरताना मला त्यांची नजर पाठीवर जाणवायची. शनिवारी दुपारी मी ठरवून टाकलं की जात नाही. संध्याकाळी पुन्हा ठरवलं की जाते. रात्री परत उलटं. एखाद्या माणसाला दुसऱ्याने कोंडलं असेल तर तो दार तोडू तरी शकतो. मला ज्याने कोंडलं होतं तो स्वतःच आत बसून थरथरत होता, त्याला ओलांडून जाऊ कशी?

रविवारी दुपारी मी झोपेतून उठले तर बाबा घरात नव्हते. टोपी नव्हती, पायातल्या चपला नव्हत्या. ऐन उन्हात बाहेर गेले होते. मी वाट पाहिली. फोन लावला तर तो त्यांच्याच उशाशी वाजला. मला जाताना पाहायचं नाही म्हणून निघून गेले असावेत, असं मला वाटलं, आणि रडू आलं. देवासमोर, आईच्या फोटोसमोर नमस्कार केला. त्यांच्या रिकाम्या खुर्चीलाही केला. कुलूप लावून किल्ली द्यायला आणि पिशवी घ्यायला काकूंकडे गेले.

काकूंनी पिशवी कोठीवरून उतरवली, माझ्या खांद्याला अडकवली आणि चमचाभर तूप माझ्या तोंडात घातलं. रविवारच्या दिशाशूलाला तूप खाऊन निघावं, असं त्यांचं म्हणणं. "पोचली की फोन कर वं," म्हणाल्या. "अन् भाऊचं टेन्शन घेऊ नको, मी पाहतो त्यायले." ऑटोत बसताना मी दोनदा मागे वळून गल्लीत पाहिलं. गल्ली रिकामी होती. ऑटोवाल्याला थांबायला सांगण्यासाठी मी तोंडही उघडलं होतं. जिभेवर अजून तूप होतं, ते मिटून घेतलं.

स्टेशनवर गाडी लागलेली होती. डबा शोधला, नंबर शोधला, आणि डब्यात माझ्या खिडकीच्या जागेसमोरच्या बाकावर टोपीवरून ओला दुपट्टा बांधून, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बाबा बसले होते. सोबत सामान काही नाही. अंगावर घरातलाच सदरा.

"बाबा, तुम्ही इथे काय करून राहिले?"

"तुझं तिकीट टेबलावर पाहिलं होतं," ते म्हणाले. मग बाटलीचं झाकण घट्ट करत, "दिशाशूल आहे. अस्त आहे. काल पुन्हा पाहून घेतलं, सगळं आहे."

"मग?"

"मग मी पण येतो. चालू तिकीट काढलं. जे व्हायचं ते दोघांले होईल. फाटकाशी उभं राहून वाट पाहणं आता माझ्याच्यानं होत नाही वं."

मी पिशवी बाकाखाली सारली. मी त्यांच्यासमोर बसले. गाडी हलली तसा त्यांनी खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. अजनी गेलं, खापरी गेलं, बुटीबोरीच्या कारखान्यांच्या चिमण्या मागे पडल्या. गज तापलेला असणार, पण त्यांनी हात काढला नाही. ओठ हलत होते. त्यांच्या हातांवरच्या शिरा पाहताना माझ्या एकदम लक्षात आलं की आई गेल्यापासून हा माणूस नागपूर सोडून कुठेच गेलेला नाही. लग्नाला नाही, कार्याला नाही, सख्ख्या भावाच्या दहाव्यालाही नाही. मी इतकी वर्षं समजत होते की त्यांनी मला घरात ठेवलंय.

वर्धा आलं तोवर ऊन उतरलं होतं. गाडी थांबली, चहावाले ओरडले, माणसं चढली-उतरली आणि गाडी पुन्हा निघाली. बाबांनी डोळे उघडले. बाहेर काळ्या नांगरलेल्या शेतांवर संध्याकाळचा उजेड पडला होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एक हात गजावरून सोडला, तळवा सदऱ्याला पुसला, आणि ज्यांनी आजवर सगळ्या ले-आऊटला पुढे काय होणार ते सांगितलं होतं ते माझे बाबा मला विचारू लागले, "मंजू, याच्या पुढं काय येते वं?"

"मले नाही माहीत बाबा," मी म्हटलं. "मी पण पहिल्यांदाच जाऊन राहिली."